तीन कोपऱ्यांचं कार्ड

माझा जोड बोटाला लागत नाही. बढाई म्हणून सांगत नाही. गेल्या मे महिन्यात त्याच बढाईनं माझी पुरती जिरवली, म्हणून सांगते.

जुने कागद दुरुस्त करणं हे माझं काम. इतवारीत वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं, तिथे शिकले. वडिलांचा नियम एकच: दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही. मजकुराची बाजू खाली ठेवायची, भोक असेल ते बुजवायचं, फाटलं असेल ते जोडायचं, आणि कोणी कोणाला काय लिहिलं याच्यात नाक खुपसायचं नाही. मी तो नियम आयुष्यभर पाळला आणि त्याचा मला फार अभिमान होता.

धंतोलीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला कामाला बोलावलं. या गृहस्थानं जन्मभर सह्या आणि पत्रं गोळा केलेली. पुढाऱ्यांच्या पेन्सिलीतल्या सह्या, मोडीतले कागद, कामठीच्या छावणीतून शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं. आणि स्वतःच्या घरातला कागद न् कागद, धोब्याच्या याद्यांसकट. सगळ्या मिळून सात पेट्या. महिनाअखेरीला त्या एका संग्रहालयाला जायच्या होत्या, त्याआधी मला सगळं नीट करून द्यायचं होतं.

नागपुरातली मे महिन्याची दुपार रात्रीपेक्षा भयाण. रस्त्यावर कुत्रंही नसतं. पंखा लावला तर कागद उडतात, कूलर लावला तर ओल धरतात, म्हणून मी दारंखिडक्या बंद करून घामानं निथळत बसायची. पहिल्याच दुपारी मान वर केली तर समोर एक बाई उभी. पांढरे केस, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे माझ्या डोक्यावरून कुठेतरी पाहणारे. आल्याचा आवाज नाही, काही नाही. माझ्या हातातला ब्रश खळीत पडला.

त्या म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. डोळे काचबिंदूनं गेलेले. सासर काटोलचं. नवरा संत्र्याचा व्यापारी होता, माल घेऊन परमुलखात गेला तो परत आला नाही. याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या भावाकडे.

"पेट्या जायच्या आधी माह्यं एक पत्र काढून दे वं," त्या म्हणाल्या. "ह्यातच आहे."

"कोणतं, मावशी?"

"सांगून नाही समजत. हाताले समजन."

आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातलं एकेक पत्र उचलून त्या त्याचे कोपरे चाचपायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. खाली ठेवलं. पुढचं. एक, दोन, तीन, चार. मला ते बघवेना. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "ताईचं काही पत्रबित्र नाही. वय झालं. करू द्या तिला." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रोज दुपारी तेच. मी दुरुस्त केलेला गठ्ठा त्या चाचपायच्या आणि जायच्या. पाच पेट्या झाल्या, सहावी झाली. सातवीत घरचीच पत्रं होती, उंदरांनी आणि कसरीनं चाळणी केलेली. दहाबारा पोस्टकार्डांचे कोपरे गेलेले. मी जुन्या कोऱ्या कार्डांचे तुकडे काढले, कडा खरवडून पातळ केल्या, खळ लावून वजनाखाली ठेवले. झकास काम झालं होतं.

त्या दिवशी मावशींनी तो गठ्ठा तीनदा चाचपला. मग हात मांडीवर ठेवले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. नाही आहे आता," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. दुपारचं मी तिथेच जेवायची, डॉक्टर, मावशी आणि मी. टेबलावर ताटं चार. मला वाटलं, कोणी पाहुणा येणार असेल. मावशींनी चौथ्या ताटात भात वाढला, एक शीत सांडलं नाही. मग रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून म्हणाल्या, "थांबा जरा, तूप वाढून राहिली."

डॉक्टर म्हणाले, "ताई, हे कोणाचं ताट?"

"तुह्या भाऊजीचं. मेल्याचं कार्ड पेटीत होतं तोवर मी ताट नव्हती मांडत. आता कार्ड नाही, म्हणजे माणूस आहे."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "तुला... कार्डाचं कोणी सांगितलं?"

"कोण सांगन? डोळे होते तोवर तू पेट्यांले कुलूप लावत होता. डोळे गेले अन् तू कुलूप सोडलं. मले तीन कोपऱ्याचं कार्ड सापडलं. असं कार्ड कोणी घरात ठेवते काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे मरणाची बातमी लिहिलेल्या कार्डाचा एक कोपरा फाडून मग ते टपालात टाकायचे. पोस्टमनच्या हातात दिसलं की कळायचं. ते दारातच वाचायचं, फाडून टाकायचं, डोक्यावरून आंघोळ करायची. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण असं कार्ड कोणी जपत नाही, मग ते माझ्या टेबलावर येईल कुठून? मी ते उंदरांच्या नावावर खपवलं होतं. आणि मजकूर तर मी वाचतच नाही, मोठी शहाणी.

ताट तसंच टाकून उठले. गठ्ठ्यातली कार्डं खिडकीशी उजेडावर धरली. बाकीच्यांत ठिगळापाशी कार्डाची मूळ कड कुरतडलेली दिसत होती. एकात ती सरळ होती, माणसाच्या हातानं फाडलेली. पत्ता डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्याचा. जन्मात पहिल्यांदा मी दुसऱ्याचं पत्र वाचलं.

डॉक्टर मागे येऊन उभे होते. "ती पस्तिशीची होती हो," ते हळूच म्हणाले. "आईनं, शेजारणींनी तिचं कपाळ पुसलं असतं. मला नाही बघवलं असतं. मी ते खिशात घातलं."

"मग फाडलं काहून नाही?"

"मला कागद फाडता येत नाही."

मला राग आला, आणि त्याच वेळी त्यांची दयाही आली.

"आज किती दिवसांनी दोन घास जास्त जेवली," ते म्हणाले. "राहू द्या ना तसंच."

"त्या खुर्चीशी बोलून राहिल्या आहेत, डॉक्टर," मी म्हटलं. "तुम्हाला भीती नाही वाटत? मला वाटते."

ओल्या बोळ्यानं मी माझाच जोड भिजवला आणि ठिगळ सोडवलं. इतकं चांगलं चिकटलं होतं की तीनदा भिजवावं लागलं. कार्ड नेऊन मावशींच्या हातात दिलं. एक, दोन, तीन. चौथ्या कोपऱ्याच्या जागी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी कार्ड भावापुढे धरलं.

"वाच गा, भाऊ."

डॉक्टरांनी वाचलं. कुठल्याशा धर्मशाळेच्या माणसानं लिहिलेल्या चार ओळी. तापानं गेले, शेवटी काटोलचं नाव घेत होते, क्रियाकर्म आम्ही केलं, खिशात हा पत्ता मिळाला, घरी कळवावं. मावशींनी कार्ड परत मागून घेतलं आणि सावकाश फाडलं. आधी दोन तुकडे, मग चार, मग आठ. ते टेबलावर ठेवून, भिंत चाचपत त्या न्हाणीघराकडे गेल्या. जाताना चौथं ताट पालथं घातलं.

डॉक्टर खुर्चीत बसले. थोड्या वेळानं ते तुकडे ओंजळीत गोळा करून माझ्यापुढे धरले, लहान पोर मोडलेलं खेळणं धरतं तसे.

"बाई, हे जोडता येतील?"

आत डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज येत होता, तांब्यामागून तांब्या.

सहज जोडता आले असते. मी नाही म्हणाले.