शेजारच्या खाटेवरचं इंजेक्शन

अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा आईला आडवंही होता येत नव्हतं. पाय टम्म सुजलेले, बोलता बोलता धाप लागायची. हृदय थकल्यामुळे अंगात पाणी साचलं होतं. ते लघवीवाटे काढायला डॉक्टरांनी शिरेतून फ्युरोसेमाइड सुरू केलं. शेजारच्या खाटेवर तेल्हाऱ्याच्या एक मावशी होत्या. आजार तोच, पण डॉक्टर वेगळे. म्हणून त्यांना टॉर्सेमाइडचं इंजेक्शन.

धाप ओसरली तशा दोघी बोलू लागल्या. दोघींच्या खाटेला लघवीच्या पिशव्या लटकलेल्या.

"तुयी थैली भरली काय वं?" मावशी विचारायच्या.

"अर्धीच हाय. तुले चांगली दवा देऊन राह्यले."

मग आई माझा हात ओढायची. "तिले देतेत ते मले कावून नाई?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही एकाच जातीची औषधं. एकाने दुसऱ्यापेक्षा जास्त माणसं वाचतात असं दिसलेलं नाही. आईंना मात्रा कमी पडतेय, ती वाढवू."

वाढवली. सकाळी पिशवी भरलेली पाहून आईने मावशींना उठवलंच. सूज उतरली, घोट्याची हाडं दिसू लागली. ती चाचपून आई लहान मुलीसारखी हसली. दोघींना एकाच दुपारी सुटी झाली. मावशी तेल्हाऱ्याला गेल्या, आम्ही बार्शीटाकळीला आलो.

घरी गोळ्या चालू होत्या, मीठ बंद होतं. तरी महिनाभरात धाप परत आली. गाडी करून अकोल्याला निघालो. "काच खाली कर," आई म्हणाली. केली. वारा तिच्या तोंडावर येत होता, आणि माझ्या खांद्यावरचं तिचं डोकं जड होत गेलं.

आईची तेरवी झाल्यावर मावशींचा फोन आला.

"तुयी माय काय करून राह्यली? दे बरं तिले."

मी सांगितलं.

"मायी दवा तिले भेटली असती त, पोरी?"

"नाही मावशी. त्यानं फरक नसता पडला."

हे मी ठामपणे म्हणाले. मलाही ते ऐकायचं होतं.

"मंग मी कशी वाचली वं?" म्हणत त्या रडायला लागल्या. मी फोन कानाला धरून भिंतीशी खाली बसले.