बोदलकशाच्या वाटेवरचा जावई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून बाजारात खाल्लेली कचोरीही मला कधी लपवता आलेली नाही. मग हे कसं लपलं? खरं सांगू — हे लपवायला कष्टच पडले नाहीत. कुणी विचारलंच नाही. उलट लोक हार घालत गेले, आणि हार घालणाऱ्या माणसाला मध्येच थांबवणं बरं दिसत नाही. असं मी स्वतःला सांगत आलो.

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर तसबिरीतून. आमच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत नामवंत माजी विद्यार्थ्यांची एक भिंत आहे. तिथे एका बाजूला निवृत्त न्यायमूर्ती आहेत, दुसऱ्या बाजूला एक शास्त्रज्ञ बाई आहेत आणि मधोमध मी — गळ्यात शिट्टी, पोट आत ओढलेलं. खाली लिहिलंय, ‘भोजराज सर, आंतरविद्यापीठ धावपटू’. न्यायमूर्तींच्या शेजारी! त्या भिंतीपुढून जाताना मी नेहमी फोन आल्याचं सोंग करतो.

माझी निवड कशी झाली म्हणता? विद्यापीठाने प्रत्येक कॉलेजाकडून एकेक नाव मागवलं होतं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजाचा खरा नामवंत अमेरिकेत आहे आणि तो उत्तर देत नाही. दुसऱ्याने कॉलेजवरच दावा ठोकलेला. उरलो मी, तिथलाच क्रीडा संचालक. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत.

आणि भाषणं! दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की आमच्याकडे एक वाद उगवतो — खेळाडूंसाठी राखीव जागा ठेवाव्यात की नाही? गुणवंतांवर अन्याय होतो की नाही? परिसंवाद ठरतो, मांडव पडतो आणि मला बोलावणं येतं. मी दोन्ही बाजूंनी बोललोय. एका वर्षी ‘ठेवाव्यात’, पुढच्या वर्षी ‘काढाव्यात’, विनोद तेच. पण एक वाक्य दोन्हीकडे असायचं — “या जागा घाम गाळणाऱ्याच्या आहेत, लबाडाच्या नाहीत!” इथे मी टेबलावर मूठ आपटायचो. टाळ्या पडायच्या. सगळ्यात आधी वाजवायचा सुकराम.

सुकराम म्हणजे माझा कॉलेजातला जोडीदार. जंगलपट्ट्यातल्या गावचा, गोंड घरातला, बोलायला लाजरा आणि पळायला — काय सांगू? आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो, एकाच चुलीवर भात शिजवायचो. भात मी जास्त खायचो, पळायचा तो जास्त. त्याची एक पद्धत होती. सुरुवातीला तो मागे राहायचा, अगदी निवांत, बाजाराला निघाल्यासारखा. मी मात्र शिट्टी वाजताच सुसाट सुटायचो. मग कालव्याचा पूल ओलांडला की मागून त्याच्या अनवाणी पायांचा आवाज यायचा. जवळ यायचा, बाजूला यायचा, पुढे निघून जायचा. दर वेळी, त्याच पुलानंतर. जाताना तो माझ्याकडे बघून हसायचा — कुचेष्टेने नव्हे हो, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तसा. मला ते हसणं अजिबात आवडायचं नाही. आवडलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं.

त्या वर्षी विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री आमच्याकडे होती. कॉलेजच्या मैदानातून बोदलकशाच्या तलावाकडे जायचं आणि परत यायचं. पहिले सहा विद्यापीठाच्या संघात. पुढे शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आमच्या भागातून खेळाडूंच्या कोट्याची एकच जागा होती, आणि विद्यापीठाकडून खेळलेल्याला ती मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. सुकरामने अर्ज भरला होता, मीही भरला होता. त्याला मास्तर व्हायचं होतं. मला — मला घरी धानाच्या चिखलात उतरायचं नव्हतं, एवढंच.

ऐन रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. आमच्याकडे धानाचा रोवणा संपायच्या दिवशी एक रीत असते. बायका रस्त्यावर येतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतात. चहापाण्याला काही द्या, नाही तर बांधीत, भाताच्या खाचरात, उतरून दोन मुठी धान रोवा! त्यातून कुणाचा जावई सापडला तर मग बघायलाच नको. त्याला चिखलाचा टिळा लागतो, गाणी म्हटली जातात, आणि तो जितका नाही म्हणेल तितका जोर चढतो. जावयाने रागवायचं नसतं. रागावला तर वर्षभर त्याच्या नावाने हसतात.

परतीच्या वाटेवर, कालव्याच्या पुलाशी, नेमका एका पाटलांच्या शेताचा रोवणा संपत आला होता. पुढचे पाच जण शहराकडचे. ते गेले तेव्हा बायका बांधीतच होत्या. सहावा मी येईपर्यंत त्या रस्त्यावर चढल्या होत्या. त्यांच्यात होत्या पारबतामावशी, माझ्या आईच्या माहेरच्या.

“अवं, हा तं आपला भोजू! धरा वं त्याले!”

धरलं. माझा दम तसाही संपलेला — खोटं कशाला बोलू, धरल्याचं बरंच वाटलं. आणि तेवढ्यात मागे, पुलाच्या पलीकडे, मला तो दिसला. निवांत, अनवाणी. आता तो येणार, बाजूला येणार, हसणार. आणि सातवा मी.

मी काय करायला हवं होतं? हात जोडले असते, मावशी, शर्यत आहे, आम्हा दोघांनाही सोडा, म्हणालो असतो तर त्यांनी सोडलं असतं. मावशी भली बाई होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते असं —

“मले कायले धरता, मावशी? मांगून पाटलाचे नवे जावई येऊन राहिले, त्याईले धरा!”

पाटलांच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात बालाघाटकडे, नवऱ्याच्या गावी झालं होतं. या बायकांनी जावई अजून पाहिले नव्हते. तरी मावशीला शंका आली. जावईबापू चड्डीवर काऊन पळून राहिले? छातीवर नंबर कायचा? मी म्हणालो, शहरातले जावई सकाळी असेच पळतात, नंबराची नवी फॅशन आहे. आणि म्हणालो — हे माझं मलाच आठवून अजून कानकोंडं व्हायला होतं — “ते नाही म्हणतीन, लाजतेत. सोडजा नोको.”

सोडजा नोको. हे मी कशाला म्हणालो? सुटण्यापुरतं जावई पुरे होतं की. पण नाही, मी पक्का बंदोबस्त केला.

वळणावरून मी एकदाच मागे पाहिलं. सुकराम दोन्ही हात जोडून उभा होता आणि भोवती बायका गात होत्या. तो नाही नाही म्हणत होता, आणि त्या प्रत्येक नाहीला हसण्याचा लोट उठत होता. मग दोघींनी त्याचे दंड धरले आणि तो बांधीत उतरला. मला हसू आलं. हो, आलं — पळता पळता पोट धरून हसलो. मग पळालो. जन्मात पळालो नव्हतो असा पळालो.

सहावा आलो.

सुकराम कितवा आला हे कुणी मोजलंच नाही. कमरेपर्यंत चिखल, कपाळावर चिखल, आणि हातात धानाच्या रोपांची एक जुडी. टाकून द्यायची त्याला सुचली नव्हती. अख्खं मैदान लोळून लोळून हसलं. आमचे क्रीडा संचालक गोंदियाचे, हिंदीतच ओरडायचे. ते सगळ्यांसमोर कडाडले, “रेस में कोई रुकता है क्या? कोई भी बुलाएगा तो रुक जाएगा तू?” सुकराम खाली बघत होता. जुडी या हातातून त्या हातात करत होता.

त्या दिवशी खोलीवर त्याने मला विचारलं, “भोजू, त्याईले मी जावई कायच्यावरून वाटलो असन गा?”

बघा, दुसरी संधी आली होती, घरात चालून. मी भात वाढून घेतला आणि म्हणालो, “बायकाईचं काय खरं! मलेबी धरलं होतं. मी झटका देल्लो न पळालो. तू थांबलास.”

 तो म्हणाला, “होय. मी थांबलो.” आणि ताटात उरलेली भाजी त्याने माझ्याकडे सरकवली. मी ती खाल्ली.

पुढचं सगळं सरळ आहे. विद्यापीठाच्या संघातून मी दूरच्या एका शहरात पळायला गेलो. तिथे मी येईपर्यंत शेवटच्या रेषेवरचा चुना पुसला गेला होता आणि बँडवाले पेट्या बंद करत होते. पण संघात होतो ना! तेवढ्यावर कोट्याची जागा मला मिळाली. मग नोकरी, मग बढती, मग तसबीर. सुकराम गावी परतला. वनविभागाच्या रोजंदारीवर लागला, थोडं शेत आहे ते करतो. म्हणाल, पोरवय होतं, थट्टा होती. मीही तसं म्हणून पाहिलंय, अनेकदा. थट्टा असती तर मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितली असती, आणि दोघं मिळून हसलो असतो. नाही का?

यंदा त्याची मुलगी रोशनी आमच्या कॉलेजात आहे. बापासारखीच पळते, आधी निवांत आणि पुलानंतर वारं. यंदाची निवड शर्यत पुन्हा बोदलकशाच्या वाटेवर ठेवली. जागा मीच सुचवली होती. का सुचवली? कुणास ठाऊक. पंच म्हणून लाल झेंडी घेऊन मी उभा राहिलो तो त्याच पुलाशी. शेतात रोवणा चालू होता. पारबतामावशी आता नाहीत, बायका नव्या आहेत. रस्त्यावर कुणी आलं नाही.

रोशनी सातवी होती. तिच्या पुढे आमगावची एक मुलगी. पूल उतरताना त्या मुलीचा पाय मुरगळला आणि ती रस्त्यावर बसली. हात वर करून म्हणाली, “ताई, हात दे ना वं!”

रोशनीचं पाऊल अडखळलं. मी पाहिलं, अगदी समोरून पाहिलं. तिला थांबायचं होतं. अंगात बापाचंच रक्त आहे. पण तिने ओठ दाबले, मान वळवली आणि ती त्या हाताशेजारून निघून गेली. सहावी आली. त्या पोरीला उठवायला मीच झेंडी टाकून धावलो. धावलो म्हणजे — पोट सांभाळत गेलो.

मैदानात पोचलो तर सुकराम मला शोधतच होता. मुलीला म्हणाला, सरांच्या पाया पड. ती वाकली. तिचा चेहरा जिंकलेल्या माणसासारखा नव्हता. ती पुन्हा पुन्हा फाटकाकडे बघत होती, ती दुसरी मुलगी येते का म्हणून.

सुकराम मात्र फुलून गेला होता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

“लहानपणापासून शिकवलो हिले, सर. कोणीबी हाक मारो, पडून असो का रडून असो, थांबाचं नाही. तुमचंच उदाहरण देतो हिले. भोजू सर थांबले नाही, म्हणून भिंतीवर आहेत. तुझा बाप थांबला.”

जगात कुणाच्याही हाकेला थांबणारा हा माणूस. त्याने तीस वर्षं त्या थांबण्याची लाज बाळगली, आणि ते आपल्या लेकीतून निगुतीने उपटून काढलं, जसं धानातलं तण काढतात. माझ्या एका वाक्यावर.

तो थांबला नव्हता. त्याला मी थांबवलं होतं.

सगळे ऐकत होते. हे सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा यायची नाही, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं. “शाब्बास, पोरी,” म्हणालो. मग शिट्टी तोंडात धरली आणि पुढच्या शर्यतीच्या मुलांना रेषेवर बोलावलं.