टॅबच्या तोंडाला कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरात दोन आवाज बंद होते. एक आईचा आणि दुसरा तिच्या टॅबचा.

आईचा नवरात्रात गेला. देवीच्या आरतीला गल्ली भरून माणसं असली, तरी त्यात आपला आवाज वेगळा ऐकू आला पाहिजे, ही तिची हौस. नऊ दिवस तो ऐकू आला, दहाव्या दिवशी बसला. डॉक्टरांनी तंबी दिली, "आजी, कुजबुजायचंसुद्धा नाही." शेजारपाजारच्या बाया सांत्वनाला आल्या. आम्ही घरच्यांनी मात्र जरा हुश्श केलं होतं.

ते हुश्श त्या सकाळी घशात अडकलं. कारण त्याच दिवशी दुपारी घोडेगावला माझ्या बहिणीकडे बारसं होतं. बहिणीच्या लेकीला मुलगी झालेली, म्हणजे आईची पहिली पणती. तिच्यासाठी आईनं स्वतः पाळणा रचला होता. आईला लिहिता येत नाही. गाणं होतं तिच्या डोक्यात आणि टॅबमध्ये. भजनी मंडळातल्या मैत्रिणींना मागं धरायला बसवून, दार लावून, तिनं ते नवरात्राआधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "मला पाठवून ठेव. फोनमध्ये राहील."

"खुळा का काय तू? शेवटच्या कडव्यात नाव हाय पोरीचं. नाव ठेवायचा मान आत्याचा. आधी फुटलं तर मला घोडेगावात तोंड दाखवाया जागा न्हाई राहायची."

पोरीच्या आत्यानं ठरवलेलं नाव आईनं कोणत्या हिकमतीनं काढून घेतलं, हे मी विचारलं नाही. काढलं होतं खरं.

तर आता गाणारीचा घसा बसलेला आणि गाणं टॅबमध्ये कोंडलेलं. टॅब रात्रभर चार्जिंगला होता, तरी सकाळी पडदा काळाठिक्कर. दुरुस्तीचं दुकान सणाला बंद. मोबाईलवाला गावी.

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. आमच्या हौशी नाटकात मी एकदा डॉक्टर झालो होतो, तेवढी पात्रता पुरे होती.

पहिला संशय बोर्डावर. त्याच बोर्डात त्याच चार्जरनं माझा फोन लावला. फोन गुमान चार्ज व्हायला लागला. म्हणजे बोर्ड निर्दोष, चार्जर निर्दोष, वायरही निर्दोष. एका फटक्यात तीन आरोपी सुटले. राहिला टॅब.

तेवढ्यात शेजारचे चाचा आले. जुन्नरच्या पेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि बिघडलेली वस्तू जिथे असेल तिथे ते असतात.

"तांदळाच्या डब्यात घाला राव," चाचा म्हणाले. "माझा मोबाईल मोरीत पडला व्हता. तांदळानं वाचवला."

"चाचा, हा भिजलेला नाही."

"मग काय झालं? तांदूळ चावतोय का त्याला?"

इकडे आईचे हातवारे सुरू झाले. अनामिका कपाळाला टेकवायची, मग तोंड उघडून त्यात बोट दाखवायचं, मग टॅबकडे. पुन्हा कपाळ, पुन्हा तोंड.

"डोकं दुखतंय त्यांचं," चाचांनी निदान केलं. बायकोनं बाम आणला. आईनं तो ढकलून दिला आणि पुन्हा तोंड उघडलं.

"भूक लागलीय," मी म्हटलं. केळं आलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की आवाज असता तर मला ते केळं सालासकट खावं लागलं असतं.

मी तपास पुढे नेला. टॅब फरशीवर पालथा-उताणा ठेवून पाहिला. डगमगत नव्हता, पाठ फुगलेली नव्हती. बॅटरी फुगली असती तर मी हात जोडून बाजूला झालो असतो, कारण फुगलेली बॅटरी पेटते. तिथे नाटकातला डॉक्टर कामाचा नाही. मग चार्जरची पिन पुन्हा लावून पाहिली आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की ती पूर्ण आत जातच नाही. जरा अलीकडेच अडते.

"याच्या तोंडात काहीतरी आहे!" मी ओरडलो.

आईनं दोन्ही हात कपाळावर मारून घेतले.

चाचा दुकानातून भिंग घेऊन आले. बायकोनं टॉर्च धरला. त्या बारीक फटीत पाहिलं, तर आत सगळं लालभडक.

"रक्त!" चाचा म्हणाले.

बायको हसायलाच लागली. "अहो, परवा खंडेनवमी नव्हती का? आईंनी सगळ्या हत्यारांची पूजा केली. कोयत्याला लावलं, शिलाई मशीनला लावलं, तुमच्या स्कूटरला लावलं…"

"आणि याला?"

आईनं पुन्हा कपाळाला अनामिका लावली आणि तोंड उघडून दाखवलं. आता सगळा अर्थ लागला. टॅब वीज खातो ते याच फटीतून. मग हळदकुंकू लावायचं ते त्याच्या तोंडाला! यात चूक काढायला जागा नव्हती. ओलं कुंकू वाळून आत खपली धरून बसलं होतं.

"सुई आणू?" चाचांनी विचारलं.

"सुई नको! आत मधोमध पातळ जीभ असते. ती मोडली की खेळ खलास. लोखंड आत घालायचंच नाही."

"मग पाण्याचा बोळा?"

"चाचा, तुम्ही फक्त भिंग धरा."

चार्जर काढून लांब ठेवला. टॅबचं बटण बराच वेळ दाबून धरलं आणि तो खरंच बंद असल्याची खात्री केली. मग लाकडी टूथपिक ब्लेडनं आणखी बारीक तासली आणि टॅबचं तोंड खाली धरून, कडेकडेनं खपली सैल करत गेलो. चाचा मधेच फुंकर मारायला वाकले, त्यांना बायकोनं थांबवलं. फुंकरीबरोबर थुंकी जाते. नव्या कोरड्या टूथब्रशनं हलकेच झाडलं. पांढऱ्या कागदावर लाल-पिवळी भुकटी पडली आणि शेवटी अक्षतेचा एक तुकडा टपकला.

"बघा चाचा, तांदूळ आधीच घातलेला होता."

"म्हणून तर वाचला!" चाचा हार मानणाऱ्यांतले नाहीत.

या वेळी पिन टक्कन पूर्ण आत बसली. पडदा मात्र काळाच. आईचा चेहरा उतरला. ती टॅबसमोर पाटावर बसली आणि ओठ हलवत राहिली. देवाचं म्हणत होती, की गाणं आठवून पाहत होती, कोण जाणे.

"पार रिकामा झालाय, जरा वेळ घेणार," मी सांगितलं. आवाजात खात्री होती, पोटात नव्हती. अधूनमधून टॅबच्या पाठीला हात लावून पाहत होतो, तापत तर नाही ना. चहा झाला. आणि चहाचे कप उचलता उचलता पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं, तळाला लाल रेघ.

"सलाईन लागलं!" चाचा उठून नाचले. आईनं मला बाजूला सारून चाचांच्या हातात ते केळं ठेवलं.

जेवणं होईस्तोवर टॅब चांगला भरला. मंचरवरून घोडेगावला पोचलो, तेव्हा पाळणा सजला होता. पोरीच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, बायांनी तिच्या पाठीत रीतसर धपाटे घातले, मग ते मोठ्यानं जाहीर झालं. आणि आईनं टॅबवर बोट ठेवलं.

सुरुवातीलाच आईचा ठणठणीत दम ऐकू आला, "ए, आता खोकलीस तर बघ हां!" सगळं घर हसलं. मग गाणं लागलं.

लेण्याद्रीचा गणपती पायऱ्या उतरून आला,
पणतीला बघाया घोडेगावी थांबला, जो बाळे जो जो…

दुसऱ्या कडव्यापासून बाया मागं धरायला लागल्या, मग टॅबचा आवाज त्यांच्या आवाजात बुडाला. आई पाळण्याची दोरी हलवत स्वतःचं गाणं ऐकत होती. शेवटच्या कडव्यात नाव आलं, तेव्हा बायांनी ते असं उचललं, की बाहेर चहा पिणारे पुरुष कप घेऊन दारात आले. पणती डोळे मिटून होती. आईनं वाकून तिच्या गालाला बोटाची पाठ लावली आणि बायांकडे बघून मान हलवली. बायांनी ते कडवं पुन्हा धरलं.