शालनआक्काचा जनरेटर

घरात चांगली लाइट असताना शालनआक्का दर सोमवारी सकाळी स्वतःच मेन स्विच पाडायची. मग अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधला जनरेटर धडधडायला लागायचा आणि शेजारी आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. मी बदली होऊन या गावात, कराड-शिराळा रस्त्यावर, नुकतीच आले होते आणि ती वेळ नेमकी माझी शाळेच्या घाईची. एकदा डोकं फिरलं तशी तरातरा गेले आणि विचारलं, लाइट असताना हे काय खूळ? हातातलं फडकं खाली न ठेवता ती म्हणाली, "बाई, लाइट हाय तवाच बघाय पायजे. गेल्यावर काय बघायचं, पोराचं त्वांड?"

पोरगा म्हणजे विजू. एकुलता एक, तिशीतला. दगडखाणीच्या धुळीनं त्याची फुफ्फुसं गेली होती. आतल्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावून तो पडून असायचा. वडील फौजेतून परत येऊन वारलेले. उशाशी एक छोटा सिलिंडर होता, पण तो जेमतेम दवाखाना गाठण्यापुरता. आमच्याकडे जरा वारा सुटला की लाइट जाते. म्हणून हा जनरेटर.

पुढं मी भांडायचं सोडून बघायला जायला लागले. ऑइलची दांडी काढून, पुसून, पुन्हा बुडवून ती उजेडात धरायची. डिझेल, बॅटरीचं पाणी, फिल्टरमधली धूळ, सगळं बघायची. कुणाला हात लावू द्यायची नाही, कुणी लावलाच तर खेकसायची. जनरेटर सुरू झाला की त्यावर विजूचं मशीन, पंखा, मिक्सर, एकदमच चालवायची. म्हणायची, "नुसतं धडधडतंय त्येचं काय कवतिक? वज्जं दिल्यावर वढतंय का ते बघायचं."

विजू आतून चेष्टा करायचा, "आई, कवातरी माजी नाडी बघ की. सारकी त्येचीच बघती."

ती हसायची नाही. "तुजी त्येच्यातच हाय," म्हणायची.

त्याच अंगणात तिचा धाकटा दीर राहायचा, तानाजीतात्या. विजूला त्यानं खांद्यावर वाढवलेलं. पुतण्याचा खोकला ऐकला की हा कडेला जाऊन डोळे पुसायचा. खंडेनवमीला आमच्याकडे कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत घरातलं सगळं लोखंड धुऊन पुजतात. जनरेटर मात्र आक्का स्वतः कोरड्या फडक्यानं पुसायची. त्या वर्षी विजूला रात्रीपासून ताप होता, ती उशापासून हलली नव्हती. तात्यानं ट्रॅक्टर धुतला आणि त्याच पाइपच्या जोरदार धारेनं जनरेटरही जाळीतून पार आतपर्यंत धुऊन काढला. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मला म्हणाला, "बाई, आमच्या विजूचा जीव हाय ह्येच्यात. ह्येची पूजा पयली." मग तो देवळात गेला.

दुपारी लाइट गेली. जनरेटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला, पण घरात वीज काही येईना. मी धावत शेडमध्ये गेले तेव्हा आक्का तो बंद करून बाजूची जाळी काढत होती. आतल्या तारांच्या गुंडाळ्यांतून पाणी निथळून तिच्या मनगटावर आलं. तिनं माळेकडे बघितलं, मग माझ्याकडे. विजूला जीपमध्ये घालून आम्ही कराडला निघालो. सणाच्या गर्दीत जीप अडकली आणि सिलिंडर संपला. तिच्या मांडीवरच तो गेला, तडफडत. मी त्याचे पाय धरून बसले होते.

परतताना तिनं माझा हात दाबला. "बाई, पान्याचं कुणाला बोलू नगा. भावजी जीव दितील. लेकरं हायती त्येंची."

घरी तात्या ऊर बडवत पुढं आला. "वैनी, मशीन का चाललं न्हाई?"

"डिझेल संपलं हुतं, भावजी. बघायचं ऱ्हायलं."

रक्षा सावडायच्या दिवशी, लोक जमायच्या आत, तिनं टाकीतलं सगळं डिझेल परसात ओतून दिलं. मला शेजारून वास आला.

गावानं मग तोंड सोडलं. नळावर बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या, की आईला एवढं डिझेल बघता येऊ नये? तात्यानं बोलणंच टाकलं. एकाच अंगणात राहून, वर्षानुवर्षं. मला त्याचा संताप यायचा आणि तिचाही. "किती सोसशील गं?" म्हटलं तर म्हणायची, "जित्ता हाय नव्हं त्यो? मग झालं."

गेल्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी तात्या आला. उंबऱ्यात घुटमळला, मग खाटेजवळ बसला. मी पायथ्याशी होते. खाली बघत तो म्हणाला, "वैनी, डिझेलचं मी मनातनं काडलं. तुमास्नी माफ केलं."

आक्कानं मोठ्या कष्टानं दोन्ही हात जोडले.

"लय उपकार झालं, भावजी."