घोंगडीखालचा मासा

पिंपळगाव राजाच्या पुंजाजी माळ्याने जन्मभर भाजीपाला पिकवला, पण गावात त्याचं नाव झालं ते कधीच न पिकलेल्या भाजीपाल्यामुळे. एका वर्षी म्हणे त्याच्या मळ्यातला मुळा उपटायला बैलजोडी लावावी लागली. दुसऱ्या वर्षी म्हणे एका वांग्याच्या भरितावर आळीतली तीन घरं जेवली आणि उरलेल्या देठावर शेळीचं पोट भरलं. तो मुळा कोणी पाहिला नव्हता आणि ते भरीत कोणी चाखलं नव्हतं. त्यामुळे गावात कोणी जरा ताणून बोललं की लोक म्हणत, "बस कर बे, हा पुंजाजीचा मुळा झाला!"

सोजराबाईला हे सगळं पाठ होतं. लग्न झालं तेव्हा सासरी बारा खोल्या असल्याचं नवऱ्याने सांगितलं होतं. आल्यावर तिने मोजल्या, तर दोन भरल्या. "बाकीच्या कोठी हायेत?" तिने विचारलं होतं. पुंजाजीने शांतपणे आभाळाखालचं अंगण दाखवलं होतं.

अशा माणसाच्या घरात एक खरोखरची नवलाई आली, ती खामगावच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चालायचा, आणि खामगावात कापसाच्या गाठी विकत घेणारे साहेब येत-जात असत. पुंजाजी त्यातल्या एकाकडे भाजी पोचवायचा. साहेब विलायतेला निघाला, सामानसुमान बांधून झालं आणि दिवाणखान्यातली काचेची पेटी तेवढी मागे राहिली.

"इसमें पानी भरके मछली पालते हैं," खानसामा म्हणाला. "ले जाते क्या, पुंजाजी?"

नवलाईला नाही म्हणणं पुंजाजीच्या रक्तातच नव्हतं. मेथीच्या रिकाम्या पोत्यांत पेटी गुंडाळून त्याने ती बैलांच्या दमणीतून घरी आणली, ओसरीत विटांचा ओटा रचून त्यावर मांडली, तळाला नदीची धुतलेली वाळू पसरली आणि आडोशाला छपरावरचं एक जुनं कवेलू पालथं घातलं. मग नदीत मासे धरणाऱ्या भोयाकडून ओंजळभर बारके चंदेरी मासे आणले, आणि त्यांच्यासोबत मिशा असलेला एक हातभर लांब मासा. हातभर हे पुंजाजीचं माप. सोजराबाईच्या मापाने तो वीतभर होता.

"अहो अन्नाचे बापू," लेकीच्या नावाने नवऱ्याला हाक मारत ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गळ्यात तुळशीची माळ, अन् घरात मासा? लोकं काय म्हणतीन?"

"पाह्याले आणला ना मी, खायाले थोडीच आणला?"

"अन् हा मिशावाला त्या बारक्याईले गिळून टाकीन त्याचं काय?"

"नाई गिळत. भोयानं सांगतलं, ही जात लय गरीब असते. मिशा फक्त दाखवाले. पाटलासारखा दिसते, पण सभाव माह्यासारखा हाये."

सोजराबाईने नवऱ्याच्या मिशांकडे पाहिलं आणि ती चुलीकडे वळली.

मासा खरंच गरीब निघाला. कणकेच्या बारीक गोळ्या आणि भिजवलेली डाळ एवढ्यावर त्याचं भागायचं. बारके मासे त्याच्या डोक्यावरून, मिशांमधून, कधी तर तोंडापुढूनही खेळत जायचे आणि तो वाळूवर पोट टेकून सगळं सोसायचा. पुंजाजी विहिरीचं पाणी आणून दर आठवड्याला थोडं बदलायचा, काच राखेने नव्हे तर मऊ फडक्याने पुसायचा. एवढ्या निगुतीने त्याने स्वतःचं पागोटंही कधी धुतलं नव्हतं.

घोळ एकच होता. हा मासा दिवसाढवळ्या कोणाला दिसेना.

उजेड असला की स्वारी कवेलूखाली. गाव बघायला लोटलं, तेव्हा लोकांना वाळू, कवेलू आणि भुरभुर पळणारे बारके मासे दिसले.

"मिशावाला कोठी हाये?" शेजारच्या कडूबाने विचारलं.

"कवेलूखाली हाये."

"कवेलूखाली का मुळ्याखाली?"

ओसरी हसून हसून बेजार झाली. कोणी पेटीत हात घालायला पुढे झालं की पुंजाजी आडवा यायचा, "अंगावर काटे हायेत त्याच्या, अन् भितेही लय." त्यावर आणखी हशा. मग पुंजाजी लोकांना दिवेलागणीला बोलवायला लागला, पण लोक आले की भरात येऊन तो जळता कंदील असा काही काचेला टेकवायचा, की मासा आणखी खोल दडायचा. पुंजाजीला उमजेना की कंदिलानेच घात होतोय. तो आणखी एक कंदील मागून आणायचा.

सोजराबाईने मात्र मासा कितीदा तरी पाहिला होता. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती अंधारलेल्या ओसरीत भाजी निवडत बसे, तेव्हा तो हळूच बाहेर यायचा, मिशांनी वाळू चाचपत पेटीभर हिंडायचा, आंधळा माणूस भिंत चाचपतो तसा. तिला ते बघायला आवडायचं. पण हे तिने कोणाला सांगितलं नाही. चारचौघांत नवऱ्याची बाजू घ्यायची तिला सवयच नव्हती, आणि ती आता लावून घ्यावी असंही काही घडलं नव्हतं.

घडलं ते कडूबामुळे. त्यानेच त्यांच्या लेकीसाठी, अन्नपूर्णेसाठी, स्थळ आणलं होतं. मेहकरकडचे भगवंतराव, चांगला बागायती मळा, मुलगा कामसू, पोरीने त्याला एकदा शेतात पाहिलेलं आणि ती मनातून हरखलेली. आता भगवंतराव घर पाहायला येणार आणि मनास आलं तर तिथेच पोरीला कुंकू लावून जाणार. फक्त घराणं कडक माळकरी. लसूणसुद्धा वाड्याबाहेर.

"मासा आजच्या आज नदीत सोडा," सोजराबाई म्हणाली.

"अन्नाची माय, तो तिकडं जगणार नाई. त्याले माह्या हातची सवय झाली."

"पोरीचं लग्न मोडलं तर?"

पुंजाजी पेटीपुढे उकिडवा बसला. "जन्मात पयल्यांदा मी खरं बोलून राह्यलो," तो म्हणाला, "अन् नेमकं तेच कोणाले दिसत नाई. आता त्याले सोडला ना, तर झालाच तो मुळा. मग मरेपर्यंत मुळा."

हे ऐकून सोजराबाईचा आवाज खाली आला. शेवटी ठरलं असं, की पेटीवर जुनी घोंगडी टाकायची, वर दोन टोपल्या ठेवायच्या, आणि कोणी विचारलं तर म्हणायचं बियाण्याची पेटी आहे. आणि पुंजाजीने त्या दिवशी कशाबद्दलही बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही.

"गुळाबद्दल तरी बोलू का?" त्याने विचारलं.

"गूळ पुढं करा. बोलू नका."

भगवंतराव आले. उंच, वाळलेले, कपाळावर बुक्का, बोलणं तोलून. सतरंजीवर बसले, पाणी घेतलं, घराची सारवण पाहिली, तुळशीपाशी थोडं थांबले. अन्नपूर्णा येऊन पाया पडून गेली, तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कुंकवाची वाटी सोजराबाईने भिंतीतल्या देवळीत तयार ठेवली होती. पुंजाजी इतका गप्प होता, की पाहुण्यांना वाटलं याचा दात दुखतोय.

"तब्येत बरी नाही का?" त्यांनी विचारलं.

पुंजाजीने नुसता गूळ पुढे केला.

आणि कडूबा, ज्याने हे स्थळ स्वतः आणलं होतं, ज्याला पाहुण्यांचा स्वभाव माहीत होता, त्याचीच जीभ खाजली. "पाव्हणं, आज पुंजाजी गप हाये म्हणून," तो हसत म्हणाला, "नाई तर आतापावतर तुम्हाले मिशावाल्या माशाची गोष्ट सांगून झाली असती! घरात मासा पाळला म्हणते, अन् अजून एका माणसानं पाह्यला नाई!"

ओसरीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कडूबालाही आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं. त्याने गुळाचा खडा तोंडात टाकला, पण उशीर झाला होता.

"मासा?" भगवंतरावांनी हळूच विचारलं. "घरात मासा आहे?"

पुंजाजीने बायकोकडे पाहिलं. तिला दिलेला शब्द त्याला पाळायचा होता. "नाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी बारीक निघाला. "मासा-बिसा काई नाई. मीच आपलं... मले सवय हाये."

"म्हणजे खोटं बोलायची?"

हे तर आणखी वाईट झालं. सोजराबाईच्या डोक्यात चरखा फिरला. मासा आहे म्हणावं, तर खाणाऱ्याचं घर. मासा नाही म्हणावं, तर थापाड्याची लेक. दोन्हीकडून कुंकवाची वाटी देवळीतच राहणार. आणि ज्या माणसाने जन्मभर खोट्याला खरं म्हटलं, तो आज तिच्यापायी खऱ्याला खोटं म्हणत होता, मान खाली घालून.

भगवंतराव उपरणं सावरून उठायच्या बेतात होते. ती उंबऱ्यातून बाहेर आली.

"थांबा पाव्हणं. मासा हाये."

"अन्नाची माय!" पुंजाजी म्हणाला.

"तुम्ही गप बसा, बोलू नका म्हणलं ना." तिने टोपल्या उतरवल्या. कडूबा घोंगडी ओढायला पुढे सरसावला, तसा तिने त्याचा हात झटकला. "ओढू नको! उजेड दिसला की तो पयतो. अंधार पाह्यजे त्याले. पाव्हणं, पाहाचं असन तर घोंगडीच्या आत डोस्कं घाला."

भगवंतराव बघतच राहिले. जन्मात त्यांना कोणी असं सांगितलं नव्हतं. पण बाई अशा ठामपणे घोंगडीचं टोक धरून उभी होती, की ते वाकले आणि आत शिरले. बाहेर फक्त त्यांची पाठ, धोतर आणि पाय राहिले. फोटोवाला काळ्या फडक्याखाली जातो, तसे.

"काही दिसत नाही," घोंगडीतून आवाज आला.

"डोये स्थिर होऊ द्या. घोंगडी इरली हाये, उजेड येते थोडा."

ओसरीतली माणसं घोंगडीभोवती सरकली. पुंजाजीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आतल्या दारात अन्नपूर्णेच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"अरे!" घोंगडी म्हणाली.

कडूबाने मान पुढे काढली.

"अरे, या मिशा! चार, नाही, जास्त आहेत... अन् ही पोरं त्याच्या नाकावरून फिरून राहिली की! हा काही करत नाही?"

"काई नाई करत," पुंजाजीला राहवलं नाही. "लय गरीब हाये."

"खातो काय?"

"कणकेच्या गोया. डाय."

घोंगडी पेटीच्या या टोकापासून त्या टोकाला सरकली. मग भगवंतराव बाहेर आले. पागोटं वाकडं झालेलं, बुक्का पुसलेला. सोजराबाईने नजर खाली वळवली.

"कवा आणला हा?" त्यांनी विचारलं.

"पाणकाय सरल्यावर," पुंजाजी म्हणाला.

"म्हणजे पावसाळा सरल्यापासून आता आंब्याला मोहर आला, तोवर हा तुमच्या घरात आहे. चूल त्या तिकडं, हा इथं. खाणाऱ्या घरात हा इतका टिकला असता का हो?" भगवंतराव कडूबाकडे वळले. "आमच्या विहिरीत कासव आहे, आज्याच्या वेळचं. त्याला बघून आम्हाला कोणी कासवखाऊ म्हणालं नाही. मी उठत होतो ते माशाला नव्हे, खोट्याला भिऊन. मासा नसता, तर मी गेलो असतो."

सोजराबाईने देवळीतली वाटी आणली. कुंकू लागलं, साखर वाटली. भगवंतराव तिला म्हणाले, "इहीणबाई, पोरगी तुमच्यावर गेली असंल तर आमचं घर सुधरंल," आणि ती पदरात हसली.

"आता मले पाहू द्या," कडूबा म्हणाला आणि घोंगडीत शिरला. कितीतरी वेळ तो बाहेर येईना. आला तेव्हा त्याचा चेहरा चोरून गूळ खाल्लेल्या माणसासारखा झाला होता.

"दिसला?" पुंजाजीने विचारलं.

"दिसला बे."

"केवढा?"

कडूबाने दोन्ही हात पुढे करून वीतभर माप दाखवलं. पुंजाजीने ते नीट निरखलं. मग त्याने कडूबाची दोन्ही मनगटं प्रेमाने धरली आणि हात थोडे लांब केले. मग आणखी थोडे.

"अहो, इहाई बसले हायेत!" सोजराबाई ओरडली.

भगवंतराव मात्र पुढे वाकून बघत होते, हात कुठवर जातात ते.