खिंडीत राहिलेला दगड

ज्या दिवशी मी गाव सोडलं त्या दिवशी जीप अर्धा तास उशिरा आली. खिंडीत पोचलो तेव्हा आप्पा ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव जरा. पोरीला दगड ठेवू दे." मी मागून ओरडले, "आप्पा, फ्लाइट चुकेल!" आप्पांनी एकदा वळून पाहिलं, म्हणाले, "बरं, चल." ड्रायव्हरने नुसता हॉर्न वाजवला आणि आम्ही घाट उतरलो.

आमच्या गावाची रीत साधी आहे. खिंडीच्या तोंडाशी दगडांचा एक ढीग आहे, त्यालाच देव म्हणायचं. ना मूर्ती, ना पुजारी. गावाबाहेर दूर जाणाऱ्याने एक दगड उचलून त्यावर ठेवायचा, म्हणजे वाट माणसाला परत आणते. मी इंजिनिअर. तेव्हा मला या सगळ्याचं हसू यायचं.

इथे परदेशात आले तेव्हा हॅरिस पार्क या उपनगरात आम्हा तिघींचा मिळून एक फ्लॅट होता. खाली मिठाईचं दुकान, त्यामुळे घरभर कायम तुपाचा वास. मग नोकरी पक्की झाली, लग्न झालं, पेंडल हिलला घर घेतलं. गावी जाणं होतच नव्हतं असं नाही. आई गेली तेव्हा धावतपळत गेले, पण मुंबईला उतरून रात्रीच्या गाडीत झोपूनच घाट चढले, आणि परततानाही तेच. खिंड दोन्ही वेळा झोपेत गेली. पुढे रस्ता रुंद करताना ढीग उचलून नेला, हे आप्पांनीच फोनवर सांगितलं. पावसाची बातमी द्यावी तसं सांगितलं.

सिटिझनशिप मिळाली त्या दिवशी मी हौसेने फोन केला. आप्पांनी विचारलं, "म्हणजे आता तुला घरी यायला व्हिसा लागणार?" मी व्हिसाशिवाय येऊ देणाऱ्या ओसीआय कार्डाचं समजावत बसले. ते मध्येच म्हणाले, "त्या दिवशी थांबायला पाहिजे होतं." इतकी वर्षं त्यांनी तो विषय काढला नव्हता. मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा लाज जास्त वाटली, कारण मलाही कधीतरी तसंच वाटून गेलं होतं. परदेशी आलेल्या तुम्हा सगळ्यांच्या मनात असा एखादा राहून गेलेला दगड असेलच, फक्त आपण तो कुणाला सांगत नाही.

गेल्या वर्षी आप्पा तीन महिन्यांसाठी आले. शेजारची तुया तेव्हापासून त्यांची मैत्रीण. ती मंगोलियाची, एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम करते. आप्पांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही, तरी कुंपणापाशी दोघांच्या तासभर गप्पा चालायच्या. एका रविवारी ती म्हणाली, "माझ्या काकांच्या ॲक्रेजवर आमचा ओवो आहे, पूजा आहे. ब्रिंग युअर डॅड, मेट!"

शहराबाहेर दीड तासावर काकांची ही ॲक्रेज, म्हणजे काही एकरांची मोकळी जागा. गाडीतून उतरलो आणि आप्पा जागच्या जागी थांबले. समोरच्या टेकाडावर त्यांचा ओवो, म्हणजे दगडांचा ढीग, कमरेएवढा. मधोमध एक काठी आणि तिला निळी रेशमी फडकी बांधलेली. माणसं डावीकडून उजवीकडे तीन प्रदक्षिणा घालत होती, दगड ठेवत होती, चमच्याने दूध शिंपडत होती. तुया म्हणाली, मंगोलियात खिंडीखिंडीत असे ढीग असतात, वाट नीट सरावी म्हणून. इथे नॅशनल पार्कात दगड रचलेले चालत नाहीत, म्हणून काकांनी स्वतःच्या जागेत रचला.

आप्पांना काही समजावून सांगावं लागलं नाही. चपला काढल्या, प्रदक्षिणा घातल्या, डोकं टेकलं. आणि मग आपल्याकडे देवळातून प्रसाद, अंगारा आणतो त्याच सहजपणे त्यांनी ढिगातला एक चपटा दगड उचलून खिशात टाकला.

काका धावत आले. "नो, नो! टेक नो! ओन्ली गिव्ह!" सगळे वळून बघायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुयाने समजावलं, ओवोवर जे ठेवलं ते त्याचं, त्यातलं काही न्यायचं नसतं. मी आप्पांवर खेकसले, "कशाला उचललात?"

आप्पांनी दगड जागेवर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा राहिला होता ना. म्हटलं, नेऊन खिंडीत ठेवू."

तुया "व्हॉट डिड ही से?" विचारत राहिली, तेव्हा त्या दिवशी घाईत खिंडीत न थांबल्याचं कसंबसं इंग्रजीत सांगितलं. तिने ते काकांना सांगितलं. काकांनी आप्पांचा दंड धरला आणि त्यांना टेकाडाखाली, पार कुंपणापर्यंत नेलं. तिथल्या साध्या जमिनीतला एक दगड उचलून स्वतःच्या शर्टाला पुसला आणि त्यांच्या हातात दिला. मग तुयाकडून निरोप सांगितला, की त्यांच्याकडे घाईतला ड्रायव्हर थांबत नाही, नुसता हॉर्न वाजवून पुढे जातो, आणि तेही देवाला पोचतं.

"मग आपल्या ड्रायव्हरनं वाजवला होता की," आप्पा म्हणाले. आणि कित्येक वर्षांनी माझ्याकडे बघून हसले.

घरी आल्यावर त्यांनी तो दगड जुन्या टूथब्रशने घासला आणि दोन दिवस कपड्यांच्या दांडीखाली वाळवला. विमानतळावर कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणाले. मी म्हटलं, सांगा, मुलीचा आहे.

आप्पा गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोटो आला. नव्या रुंद रस्त्याच्या कडेला, कापलेल्या कातळापाशी तो एकटा दगड. ढीग कसला, बघवत नव्हतं. महिन्याभराने पुन्हा एक फोटो आला, आता पाच होते. मी विचारलं, हे कुणी ठेवले? "मला काय ठाऊक? गावातली माणसं जातात-येतात."

घर कुठे, असं इथे पार्टीत कुणी विचारलं की मी अजूनही पेंडल हिलच सांगते आणि ते खोटं नाही. पण त्या पाच दगडांतला खालचा माझा आहे. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत, दिवसाउजेडी घाट लागेल अशी. जीपवाल्याला आत्ताच फोन करून ठेवलाय, जाताना आणि येताना दोन्ही वेळा खिंडीत थांबायचं, फ्लाइट चुकली तरी.