दुधाच्या पिशवीचा कोपरा

महिन्यापूर्वी सुरेखाचा फोन आला. "बाई, आपल्या निर्मलाबाई गेल्या..." पण खरं सांगते, डोळे पुसता पुसता मला आठवला तो दौंडचा झकास आठवडा! आजही तो आठवला की मला एका जागी बसवत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रेल्वे कॉलनीमागच्या शाळेत त्या पाचवीला शिकवायच्या आणि मी सहावीला शिकवायचे. एके सकाळी सुरेखाचे आजोबा, मेंढरं राखणारे आबा, निर्मलाबाईंच्या वर्गाच्या दारात उभे राहिले. मेंढी मेली होती आणि तिच्या पोटातून दुधाच्या पिशव्या निघाल्या होत्या. "बाई, तुमच्या कॉलनीचा कचरा आमच्या माळावर येतोय. आठ दिसांत माळ साफ न्हाई झाला तर मेंढरं घिऊन आमी लांब जानार, आन् पोरगीबी संगं न्हेनार." सुरेखा वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी. ती खाली मान घालून पाटीवर रेघा ओढत राहिली. निर्मलाबाई म्हणाल्या, "आबा, आठ दिवस द्याच मला."

त्याच दुपारी वर्ग माळावर भरला! कोणतं प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येतं, कोणतं भंगारवालाही घेत नाही, हे पोरं हाताने चाचपून शिकू लागली. मलाही चेव आला. मी परस्पर जाहीर करून टाकलं, ज्या वर्गाच्या पिशव्या जास्त, तो वर्ग पहिला! दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात हा एवढा ढीग... आणि सगळ्या पिशव्या कोऱ्या करकरीत! पोरांनी बाजारातल्या दुकानदारांच्या मागे लागून आणलेल्या. माळ होता तसाच. कुठे तोंड लपवू असं मला झालं. निर्मलाबाई मात्र पोट धरून हसल्या. "अगं, तू तर दुकानं साफ केलीस!" मग पोरांकडे वळून म्हणाल्या, "कोऱ्या पिशव्या ज्याच्या त्याला परत. माती लागलेलीच मोजायची."

मग काय विचारता! पोतीच्या पोती भरली. सातव्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो निघाला, तेव्हा पोरं वरात निघाल्यासारखी नाचली.

आठव्या दिवशी आबा आले. माळभर फिरले, वाकले आणि गवतातून नखाएवढा तुकडा उचलला. कुणीतरी पिशवी कापून टाकलेला कोपरा. "ह्योबी पोटात जातो, बाई." नीट पाहिलं तर असे कोपरे जागोजागी. सुरेखा रडायलाच लागली. निर्मलाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि वेचू लागल्या. त्यांच्यामागे पोरं, मी, आणि थोड्या वेळाने आबासुद्धा! संध्याकाळी निर्मलाबाईंनी गृहपाठ दिला... पिशवी कापताना कोपरा तोडायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा. आबा उठता उठता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पोरगी हितंच."

ती पोरगी आज शिरूर तालुक्यात शिक्षिका आहे. परवा मला भेटायला आली. "तुम्ही बसा, बाई," म्हणत चहा तिनेच ठेवला, दुधाची पिशवी कापली. कोपरा पिशवीला लटकत होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे... आणि चहा उतू गेला.